सेफ्टी बोलून स्वतःचाच बॉल पॉकेटमध्ये घातला, आता टर्न कोणाची? (८ बॉल)

अर्धवट_चॉक

काल आमच्यात जवळजवळ मारामारी व्हायची राहिली म्हणून इथे विचारतोय, नियम नीट माहिती असणाऱ्यांनी सांगा. मी स्ट्राइप्सवर (पट्टेवाल्या बॉलवर) होतो, दोनच राहिले होते, १३ नंबर कॉर्नर पॉकेटच्या अगदी ओठावर आणि १० नंबर पलीकडच्या कुशनला (टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला) चिकटून, त्याच्यापुढे समोरच्याचा सॉलिड (एकरंगी बॉल) उभा. त्याचे तीन बाकी, त्यातले दोन एकदम मोकळे. आता १३ घातला तर पुढे १० ला काहीच शॉट नाही हे मला दिसत होतं, आणि १३ नाही घातला तरी बाकी खेळण्यासारखं काही नाही. म्हणून मी सरळ "सेफ्टी" (म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये म्हणून खेळलेला शॉट) म्हणालो, १३ हळूच ढकलला, तो पडला आणि पांढरा (क्यूने मारायचा बॉल) जाऊन ८ च्या मागे असा लपला की त्याला त्याचा एकही बॉल सरळ दिसेना. (मलाही माझा १० दिसत नव्हता ते वेगळं.)

आणि मग सुरू. तो म्हणे बॉल पडलाय ना, मग तूच खेळ, आपण केलेली घाण आपणच निस्तरायची. दुसरा मित्र म्हणे नाही नाही, सेफ्टी बोलल्यावर बॉल पडला तर तो बाहेर काढून परत टेबलावर ठेवायचा असतो. तिसरा सोफ्यावरून म्हणे मोबाईलवर असलं काही नसतं, सेफ्टी बिफ्टी काय लावलंय. शेवटी तो खेळला, दोन कुशनवरून प्रयत्न केला, काहीच लागलं नाही, फाऊल, मला बॉल इन हँड (पांढरा टेबलावर कुठेही ठेवून खेळायची मुभा), गेम संपला. तेव्हापासून ग्रुपवर मला "पळपुटा" म्हणतायत.

तर टर्न नक्की कोणाची होती? बॉल आतच राहतो का? आणि असं खेळणं खरंच चुकीचं आहे का, म्हणजे नियमात बसतं पण लोक खेळत नाहीत असं काही?

कडेचा_खिसा

टर्न त्याचीच. बॉल आतच. तू बरोबर होतास, पण बाकीचे तिघंही अगदीच हवेत बोलत नव्हते, ते वेगवेगळ्या खेळांचे नियम एकत्र करत होते, सगळीकडे हाच घोळ होतो.

डब्ल्यूपीए या पूलच्या जागतिक संघटनेचे जे नियम आहेत त्यात ८ बॉल हा कॉल शॉट गेम आहे, म्हणजे कोणता बॉल कुठल्या पॉकेटमध्ये ते सांगायचं (उघड दिसत असेल तर सांगायची गरज नाही, पण बँक (कुशनवरून बॉल घालणं) किंवा काँबिनेशन (एका बॉलने दुसरा घालणं) असेल तर सांगावं). त्या कॉलच्या जागी तू "सेफ्टी" असंही म्हणू शकतोस. म्हटलंस की शॉट संपल्यावर टर्न समोरच्याकडे जाते, काही पडो न पडो, आणि पडलेला बॉल पडलेलाच राहतो. म्हणजे तुझ्या उदाहरणात सेफ्टी न बोलता १३ घातला असतास तर तुलाच ८ च्या मागून १० मारायला लागला असता. हा शब्द नियमात आहे तो नेमका याच प्रसंगासाठी.

बॉल परत वर ठेवायचा असतो म्हणणारा तुझा मित्र कुठेतरी १४.१, म्हणजे स्ट्रेट पूलचे नियम वाचून आलाय. तिथे सेफ्टीवर पडलेला बॉल स्पॉटवर परत येतो. ८ बॉलमध्ये नाही. आणि पहिला मित्र ९ बॉलच्या हिशोबाने बोलतोय, तिथे नियमाने बॉल पडला की तुम्हीच पुढे खेळायचं, सेफ्टी जाहीर करायची सोयच नाही, म्हणून तिथे सेफ्टी खेळताना काही पडणार नाही याची काळजी घ्यावी लागते. शिवाय काही हौशी लीगमध्ये ८ बॉललाही पॉकेट सांगायची पद्धत नसते, फक्त ८ साठी सांगायचं, तिथेही आपला बॉल पडला की आपणच खेळायचं. मोबाईलवाल्याबद्दल बोलत नाही.

आता सेफ्टी बोललं म्हणजे काहीही चालतं असं नाही हां. शॉट कायदेशीरच लागतो. आधी आपल्या ग्रुपचा बॉल लागला पाहिजे, आणि तो लागल्यानंतर एकतर कुठलातरी बॉल पडला पाहिजे किंवा कुठलातरी बॉल, पांढरा धरून, कुशनला लागला पाहिजे. "नंतर" हा शब्द डोक्यात पक्का ठेव. पांढरा आधी कुशनला लागून मग आपल्या बॉलला हळूच टेकला आणि दोघं तिथेच थांबले तर फाऊल. लोक म्हणतात "अरे लागली की कुशन", लागली, पण आधी लागली. तुझा १३ पडला म्हणून तुझं काम झालं, तो ओठावर अडकून राहिला असता आणि पांढऱ्याने नंतर कुशन गाठली नसती तर बॉल इन हँड त्याला मिळाला असता आणि मग पळपुटा कोण ते त्याने दाखवलं असतं.

धडाधड_ब्रेक

नियम असेल, पण मला हे पटत नाहीच. पूल म्हणजे बॉल घालायचा खेळ आहे. नाही जमला तर प्रयत्न कर, चुक, दुसरा खेळेल. लपवाछपवी करायची तर बुद्धिबळ खेळा ना. आमच्यात असं कोणी केलं तर पुढच्या वेळी त्याला बोलवत नाही.

तीन_कुशन

@धडाधड_ब्रेक बुद्धिबळाचं बोललात ते खरं तर कौतुकच झालं या खेळाचं :)

मी पण सुरुवातीला दोन वर्षं अशीच खेळायचे, दिसेल ते मारायचं, आणि कायम एकाच पद्धतीने हरायचे, माझे सात पैकी सहा बॉल आत, एक अडकलेला, समोरच्याचे सहा अजून टेबलावर, आणि मला वाटायचं मी पुढे आहे. पुढे काय पुढे, उलटंच असतं. त्याचे सहा बॉल आहेत म्हणजे त्याला मारायला सहा ठिकाणं आणि माझ्या वाटेत उभे करायला सहा पहारेकरी. मला त्याच्यापासून पांढरा लपवायचा तर सहाच्या सहा बॉल झाकावे लागणार, त्याला फक्त माझा एक झाकायचा आहे. सेफ्टीच्या भांडणात ज्याचे बॉल जास्त तो वरचढ. म्हणून शेवटपर्यंत सगळे साफ होतील असं दिसत नसेल तर मधेच थांबून सेफ्टी खेळणं हे घाबरणं नाही, तो हिशोब आहे. हे समजेपर्यंत मी किती गेम घालवले ते विचारू नका.

आणि एफ्रेन रेयेसचं नाव ऐकलं असेलच, फिलिपिन्सचा, २००४ चा ८ बॉलचा वर्ल्ड चॅम्पियन. लोक त्याला जादूगार म्हणतात ते बरंचसं त्याच्या किक शॉटमुळे, म्हणजे पांढरा लपलेला असताना कुशनवरून वळवून बॉल बरोब्बर शोधायचा. आता समोरचे त्याच्यावर सेफ्ट्या खेळलेच नसते तर ती जादू कोणाला दिसली असती? चांगल्या सेफ्टीतून बाहेर पडणं हा सुद्धा बघायचा शॉट असतो.

@अर्धवट_चॉक तुझ्या शॉटमध्ये मला आवडलं ते हे की पांढरा ८ च्या जवळ थांबला. लोक मागे लपवतात पण दोन फूट मागे ठेवतात आणि मग म्हणतात अरे याने कसा काढला. सोपं गणित आहे. बॉलचा व्यास ५७.१५ मिमी. पांढरा आणि आडवा बॉल यांच्यात एक बॉल जाईल एवढी फट असली तर समोरच्याचा साधारण ६० अंशांचा पट्टा बंद होतो. तीच दोन केंद्रांमधली लांबी ५७ सेंमी झाली की ११-१२ अंश उरतात, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, थोडं बाजूने पातळ कापून कुठला ना कुठला बॉल लागतोच. अगदी चिकटला तर समोरची सगळी अर्धी बाजू बंद. तेव्हा लपवायचं तर नाक टेकवून लपवा.

दुसरं म्हणजे एका शॉटमध्ये दोन्ही बॉल कंट्रोल करायला जाऊ नका. पांढरा जागेवर थांबवायचा असेल तर समोरचा बॉल पूर्ण भरून मारा, स्टॉप शॉट, पांढरा तिथेच आणि तो बॉल जाऊन कुशन गाठेल, नियमाचं काम तो करतो. पांढरा लांब पाठवायचा असेल तर पातळ मारा, बॉल जेमतेम हलतो आणि पांढरा आपला वेग घेऊन पळतो. मधलं म्हणजे हाफ बॉल, पांढऱ्याचं केंद्र समोरच्या बॉलच्या कडेवर धरायचं. घरंगळत आलेला पांढरा त्यात मूळ रेषेपासून ३० अंशांच्या थोडा पुढे वळतो, आणि जाडी थोडी कमीजास्त झाली तरी तो कोन फारसा बदलत नाही म्हणून अंदाज बांधायला सगळ्यात भरवशाचा. मी अजूनही अर्ध्याहून जास्त सेफ्ट्या हाफ बॉलवरच खेळते, कंटाळवाणं आहे पण चालतं.

निवांत_नऊ

नियमाचं वर सगळं आलंय, मी शिष्टाचाराचं बोलतो, कारण माझ्या अनुभवात भांडणं सेफ्टीवरून होत नाहीत, सेफ्टी ज्या पद्धतीने केली जाते त्यावरून होतात.

सगळ्यात आधी, बोलायचं, आणि मोठ्याने बोलायचं, क्यू मारायच्या आधी. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेली सेफ्टी म्हणजे न बोललेलीच. मी एकांशी खेळायचो, ते गृहस्थ कायम इतकं हळू बोलायचे की बॉल पडला तर "मी कॉल केला होता" आणि पडून वाईट जागा आली तर "मी सेफ्टी म्हणालो होतो". तीन वेळा सहन केलं, चौथ्या वेळी मी प्रत्येक शॉटला "काय म्हणालात?" विचारायला लागलो. आपोआप आवाज मोठा झाला.

पण एक गैरसमज काढा, सेफ्टी खेळताना दर वेळी जाहीर करायलाच पाहिजे असं नाही. बॉल पडणारच नसेल तर टर्न तशीही जाणारच आहे, मग तुम्ही बोला न बोला. अवघड बँक कॉल करायचा, पडला तर पडला, नाही पडला तर पांढरा कुठेतरी सुरक्षित जागी जाईल असा खेळायचा, हा दुहेरी शॉट अगदी सभ्य शॉट आहे, त्यात फसवणूक काही नाही. बोलण्याची गरज येते ती तुमचा कॉल केलेला किंवा उघड दिसणारा बॉल आत जाणार आहे आणि तुम्हाला पुढे खेळायचं नाहीये तेव्हा.

कुशनला चिकटलेल्या बॉलवर सेफ्टी खेळणार असाल तर आधी थांबा आणि दोघांनी जाऊन बघा, चिकटलाय का नाही. चिकटलेला असेल तर तो नुसता त्याच कुशनला दाबला गेला म्हणून "कुशन लागली" होत नाही, तो सुटून परत तिथे यायला हवा, किंवा दुसरी कुशन, किंवा पांढरा, नाहीतर दुसरा कुठलातरी बॉल. आणि शॉटच्या आधी कोणीच चिकटलाय असं म्हणालं नाही तर तो चिकटलेला नाही असंच धरतात. शॉट झाल्यावर "अरे तो फ्रोझन होता" म्हणणं याला काही अर्थ नाही.

तसंच अगदी पातळ शॉट असेल किंवा आपला आणि समोरच्याचा बॉल एकदमच लागेल असं वाटत असेल तर खेळायच्या आधी तिसऱ्या कोणाला तरी बघायला उभं करा. दोन्ही एकाच क्षणी लागले आणि ठरवता येत नसेल तर आपला आधी लागला असं मानतात. बघणारा नसेल तर खेळणाऱ्याचं ऐकायचं, पण मग खेळणाऱ्याने सुद्धा खरं बोलायचं. माझा पांढरा स्वतःच्या बॉलला न लागता गेला आणि समोरच्याला कळलंच नाही असं झालंय, मी स्वतः फाऊल सांगितला आणि पांढरा उचलून त्याच्या हातात दिला. गेम हरलो. नंतर त्याच माणसाने माझ्या कुठल्याही शॉटवर कधी शंका घेतली नाही, वर्षभर.

आणि सेफ्टी बसली की गप्प बसायचं. हसायचं नाही, "आता काढ" म्हणायचं नाही, तो वाकलेला असताना त्याच्या रेषेत उभं राहून चॉक लावायचा नाही. हे सगळं सेफ्टीपेक्षा जास्त टोचतं. उलट आपण अडकलो असलो आणि समोरच्याची सेफ्टी खरंच झकास असेल तर क्यूचं बूड जमिनीवर दोनदा टेकवायचं, झालं, त्याला कळतं.

धडाधड_ब्रेक

ठीक आहे, उघडपणे बोलून खेळणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझा राग मुद्दाम फाऊल करणाऱ्यांवर आहे. आमच्यातला एक जण अडकला की पांढरा नुसता एक बोटभर हलवतो आणि म्हणतो घे बॉल इन हँड. हे कुठल्या पुस्तकात बसतं?

कडेचा_खिसा

बसतं, खरं तर. मुद्दाम फाऊल करू नये असा नियम नाही, त्याची किंमत ठरलेली आहे, बॉल इन हँड. टेबलावर कुठेही पांढरा ठेवून खेळायला मिळणं ही ८ बॉलमध्ये भरपूर मोठी किंमत आहे, त्यामुळे जो असं वारंवार करतो तो स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतोय, करू दे. फायदा होतो तो एखाद्याच प्रसंगी, तुझे बॉल असे गुंतलेले असतील की हातात पांढरा घेऊनही तू सगळे साफ करू शकणार नाहीस, तेव्हा तो गुंता अजून घट्ट करून देणं. हां, क्यूच्या टोकाने पांढरा खालून उकरून उडवणं, मुद्दाम मिसक्यू करणं (क्यूचं टोक घसरवणं), हे वेगळं, ते खिलाडूपणाच्या विरुद्ध मानलं जातं आणि रेफरी त्यावर आणखी शिक्षा देऊ शकतो.

लागोपाठ तीन फाऊल केले की गेम गेला हा नियम ९ बॉलचा, ८ बॉलच्या डब्ल्यूपीए नियमात तो नाही. तुम्हाला घरात लावायचा तर लावा, पण आधी ठरवून.

आणि दोघंही एकमेकांवर सेफ्ट्याच खेळत बसले, कोणीच पुढे सरकत नाही असं झालं तर त्यालाही उत्तर आहे. रेफरी जाहीर करतो, मग दोघांना तीन तीन टर्न मिळतात, तरी काही हललं नाही तर तो रॅक (म्हणजे तो गेम) रद्द, ज्याने आधी ब्रेक केला होता तोच परत ब्रेक करतो. दोघांची संमती असेल तर ते तीन टर्न न खेळताही रद्द करता येतो.

ब्रेकवर मात्र सेफ्टी चालत नाही. हळूच टेकवून दिला आणि काही पडलं नाही, चार बॉलही कुशनपर्यंत पोचले नाहीत, तर समोरचा ठरवतो, आहे तसं खेळायचं का, परत रॅक लावून स्वतः ब्रेक करायचा का तुलाच परत करायला लावायचा.

अर्धवट_चॉक

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून भिंतीवर लावणार आहे. अजून एक राहिलं. पांढरा माझ्याच बॉलला चिकटून थांबला असेल आणि मला सेफ्टी खेळायची असेल तर त्याच्यापासून लांब मारला की झालं ना? स्नूकरमध्ये तसंच असतं असं ऐकलंय, टचिंग बॉल, तो लागलाच असं धरतात.

तीन_कुशन

नाही हो, इथेच स्नूकरवाले फसतात. स्नूकरमध्ये चिकटलेला बॉल न हलवता लांब मारायचा आणि तो लागला असं धरतात, बरोबर. ब्लॅकबॉल म्हणजे लाल पिवळ्या बॉलचा जो प्रकार आहे तिथेही लांबच मारतात. पण सॉलिड स्ट्राइप्सच्या ८ बॉलमध्ये लांब मारलात तर तुम्ही त्या बॉलला लागलाच नाहीत, दुसरा आपला कुठला बॉल लागला नाही तर सरळ फाऊल. उलट इथे चिकटलेल्या बॉलच्या दिशेने मारायला परवानगी आहे, साध्या स्ट्रोकने, ढकलत न्यायचा नाही. म्हणजे तुमच्यासाठी सोपी सेफ्टी आहे ती, बॉल कुशनपर्यंत जाईल एवढंच बघा. फक्त खरंच चिकटलाय ना ते आधी दोघांनी बघा, केसाएवढी फट असली तर डबल हिट (क्यू पांढऱ्याला दोनदा लागणं) होतो आणि तो फाऊल आहे.

एक गंमत म्हणजे त्याच ब्लॅकबॉलमध्ये तुम्ही स्नूकर झाला असाल तर आपला बॉल नुसता लागला तरी पुरतं, नंतर कुशनची अट नाही. त्यामुळे कोणी दुसऱ्या टेबलावरून आला असेल तर खेळायच्या आधी दोन मिनिटं नियम बोलून घ्या, नाहीतर दोघंही बरोबर असतात आणि भांडण तरी होतंच.

अर्धवट_चॉक

अपडेट. त्याने हा सगळा धागा वाचला. टर्न त्याची होती हे मान्य, बॉल आत राहतो हे पण मान्य. आता त्याचं म्हणणं असं की मी "सेफ्टी" क्यू मारल्यावर म्हणालो, आधी नाही. मी शपथेवर सांगतो आधी म्हणालो. सोफ्यावरचा साक्षीदार म्हणतो माझं लक्ष नव्हतं.

निवांत_नऊ

त्याने ऐकलं नसेल तर चूक तुझीच, वर लिहिलंय मी. पुढच्या वेळी सेफ्टी म्हण आणि तो मान हलवेपर्यंत वाकूच नकोस.

अर्धवट_चॉक

तुम्ही त्याला ओळखत नाही. आता तो मानच हलवणार नाही.

धडाधड_ब्रेक

मग १० नंबर आधी सोडवायला शिक ना भावा, सेफ्टीची वेळच येणार नाही 😄

तीन_कुशन

@धडाधड_ब्रेक चिडवताय, पण मुद्दा खरा आहे. @अर्धवट_चॉक १० कुशनला चिकटलाय आणि पुढे सॉलिड उभा आहे हे तुला तुझे सहा बॉल असतानाच दिसत असणार. तेव्हाच दुसरा एखादा बॉल घालताना पांढरा तिकडे पाठवून तो गुंता फोडायचा होता, त्या वेळी चुकलं असतं तरी मागे पाच होते. आधी कोणते पाच घातलेस ते आठवत असेल तर लिही, बघू कुठून जमलं असतं.